उतारवय आणि मुळ्यांची औषधे



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील, आणि काहींनी शेजाऱ्याकडे पाहून नुसतेच स्मित केले असेल. वसंतातल्या या व्यासपीठावर राजकारण, इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण या सर्व गोष्टींची चर्चा होते. परंतु पन्नाशी-साठीनंतर स्त्रीपुरुषांच्या देहात काय बदलते, त्या बदलाचा त्यांच्या सहजीवनावर काय परिणाम होतो, आणि त्यावर उपाय म्हणून ज्या मुळ्या उगाळून, कुटून, दुधात उकळून घेतल्या जातात त्यांत खरोखर किती सामर्थ्य आहे, हा विषय आपण चारचौघांत काढीत नाही. जो विषय चारचौघांत निघत नाही तो नाहीसा होतो, असे मात्र नाही. तो कुजबुजीत जातो, आणि कुजबुजीतून जाहिरातीत जातो. शहाण्या माणसांनी सोडून दिलेली जागा मग भिंतीवरचे रंगीत फलक आणि हातातल्या फोनवर येणारे संदेश भरून काढतात.

महाराष्ट्राला या विषयाची परंपराच नाही, असे कोणी म्हणू नये. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. कामजीवनाविषयी शास्त्रीय माहिती मराठीतून दिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्या गोष्टी सांगण्यासाठी एका माणसाने इतके सोसले, त्या गोष्टी आज ऐकण्यास तरी आपण लाजू नये, एवढीच आमची प्रथम विनंती आहे.

आता विषयाकडे वळू. वयपरत्वे देहात नेमके काय घडते? आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्यांना बाहेर नेणारी नळी नाही. त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात. हा रस रक्ताबरोबर दूरच्या अवयवापर्यंत जातो आणि त्यास कामाला लावतो. या रसांना १९०५ साली इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग याने ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. आपण त्यांस संप्रेरके म्हणतो. स्त्रीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरोन ही दोन प्रमुख संप्रेरके निघतात, पुरुषाच्या वृषणातून टेस्टोस्टेरोन निघते. अर्थात् हा हिशेब इतका सरळ नाही. स्त्रीच्या देहात थोडे टेस्टोस्टेरोन असते आणि पुरुषाच्या देहात थोडे इस्ट्रोजेन असते, आणि दोघांनाही दोन्हींची गरज असते.

स्त्रीच्या बाबतीत हा बदल काही वर्षांच्या आतच घडतो. आपल्या देशात साधारणतः सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधीच, पाळी जाते. इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते. अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घाम फुटतो, झोप तुटते, मन चिडचिडते, आणि योनिमार्गाची त्वचा पातळ व कोरडी होऊन समागम वेदनेचा होतो. पुष्कळ घरांत ही शेवटची गोष्ट स्त्री बोलत नाही, पुरुष विचारीत नाही, आणि दोघांमध्ये एक अबोला उभा राहतो. त्याचे कारण रागलोभ नसून केवळ त्वचेचा कोरडेपणा आहे, हे दोघांपैकी एकालाही कळत नाही.

पुरुषाच्या बाबतीत उतरण सौम्य असते. चाळिशीच्या आसपासपासून टेस्टोस्टेरोन दर वर्षी सुमारे एक टक्का या गतीने खाली येते. म्हणजे पुरुषाला स्त्रीसारखा ‘निवृत्तीचा’ ठराविक मुक्काम नाही. आणि येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. उतारवयात पुरुषाला जी अडचण सर्वाधिक छळते, म्हणजे इंद्रियाला पुरेशी ताठरता न येणे, तिचे मूळ बहुतेक वेळा संप्रेरकात नसतेच. ते असते रक्तवाहिन्यांत, मधुमेहात, रक्तदाबात, तंबाखूत, काही औषधांत आणि मनाच्या काळजीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांना ही अडचण कमीअधिक प्रमाणात आढळली. तेव्हा ज्याला वाटते की हे दुर्दैव जगात आपल्या एकट्याच्याच वाट्याला आले, त्याने निदान तो एकटेपणा तरी मनातून काढून टाकावा.

आता आपले पूर्वज या प्रश्नाकडे कसे पाहत होते ते पाहू. आयुर्वेदाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांतील दोन अंगे, रसायन आणि वाजीकरण, याच विषयाची आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा. ज्वर, अतिसार, क्षय हे सारे रोग नंतर. आधी म्हातारपण कसे सुखाचे करावे आणि संततीचे सामर्थ्य कसे राखावे याचा विचार. यावरून आपल्या पूर्वजांना हा विषय अस्पृश्य वाटत नव्हता, हे उघड आहे. परंतु त्याच ग्रंथात मर्यादाही सांगितल्या आहेत. सोळा वर्षांच्या आधी आणि सत्तरीच्या नंतर दीर्घायुष्य इच्छिणाऱ्याने समागम टाळावा, असे चरक सांगतो. वाजीकरण हे संयमी मनुष्यासाठी आहे, असेही तो सांगतो. आज जे चूर्ण विकले जाते त्याच्या वेष्टनावर घोड्याचे चित्र असते. चरकाची ही मर्यादा तेथे छापलेली कोणी पाहिली असल्यास आम्हांस अवश्य कळवावे.

चरकाने औषधींचे दहादहांचे जे गण पाडले, त्यांत अश्वगंधेचे नाव बल देणाऱ्या व शरीर पुष्ट करणाऱ्या गणांत येते. म्हणजे प्राचीनांची तिच्याविषयीची अपेक्षा प्रथमतः ही होती की खंगलेल्या देहाला भर यावी. क्षीण झालेला मनुष्य सशक्त झाला, त्याला झोप लागू लागली, अन्न पचू लागले, की त्याची कामेच्छाही परत येते. हा अनुभव खोटा नाही. पण एका माणसाची अशक्तता दुधातुपाने व विश्रांतीने गेली, की मुळीने गेली, हे ठरवावयाचे कसे? खरा प्रश्न येथे सुरू होतो.

या प्रश्नाचे महत्त्व पटविणारी एक गोष्ट पाश्चात्त्य वैद्यकाच्या इतिहासात आहे. १८८९ सालच्या जून महिन्यात पॅरिसमधील जीवशास्त्राच्या एका विद्वत्सभेपुढे ब्राऊन-सेकार हा बहात्तर वर्षांचा शरीरशास्त्रज्ञ उभा राहिला. तो कोणी भोंदू नव्हता. मज्जारज्जूवरील त्याचे काम आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकावे लागते. त्याने सांगितले की, कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि आपली शक्ती, उत्साह, काम करण्याची उमेद परत आली. युरोप-अमेरिकेत एकच गवगवा झाला. हजारो माणसांनी असे अर्क टोचून घेतले. पुढे रसायनशास्त्र वाढले, १९३५ साली टेस्टोस्टेरोन शुद्ध स्वरूपात वेगळे करता आले, त्याची घडण कळली. आणि मग लक्षात आले की ब्राऊन-सेकारच्या त्या पाण्यात काढलेल्या अर्कात हे संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. वृषण आपले संप्रेरक साठवून ठेवीत नाही, आणि ते पाण्यात फारसे विरघळतही नाही. मग त्या वृद्ध शास्त्रज्ञाला जोम आला तो कशाने? आशेने. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच बरे वाटले होते. जेथे रोगाचा अर्धा भाग मनात असतो, तेथे आशा हेही अर्धे औषध असते. म्हणूनच या प्रांतात ‘मला गुण आला’ ही साक्ष, ती कितीही प्रामाणिक असो, पुरावा म्हणून धरता येत नाही. निम्म्या लोकांना खरे औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ पुडी, आणि कोणाला काय दिले हे देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नाही, अशी परीक्षा घ्यावी लागते. अशा परीक्षेत पोकळ पुडीनेही पुष्कळांना गुण येतो. खरे औषध त्यापुढे किती गेले, एवढेच मोजावयाचे असते.

यावर कोणी म्हणेल, ‘मुळ्यांत संप्रेरके नसतातच असे तुम्ही सुचविता काय?’ नाही, येथे एक गंमतीची हकीकत सांगितली पाहिजे. जगातील पुष्कळशी संप्रेरक-औषधे एके काळी खरोखरच मुळांपासून तयार होत असत. १९४० नंतरच्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला मेक्सिकोतील रानकंदांत डायोसजेनिन नावाचे द्रव्य विपुल सापडले. त्यावर प्रयोगशाळेत काही संस्कार केले की त्याचे प्रोजेस्टेरोन होते. तोवर प्रोजेस्टेरोन जनावरांच्या अवयवांपासून काढीत, आणि त्याची किंमत सोन्याहून अधिक असे. १९४४ साली मेक्सिको शहरात सिंटेक्स ही कंपनी निघाली. व्हेराक्रूझकडील खेडुतांनी रानातून खणून आणलेल्या ‘बार्बास्को’ या कंदावर तिचा व्यवसाय वाढला, आणि १९५१ साली त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरोन हे द्रव्य तयार झाले. पुढे संततिनियमनाच्या गोळ्यांत ते वापरले गेले. हा कंद आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या कोकणातले करांदे, आपले कोनफळ, ही सारी त्याच्याच कुळातील भावंडे.

ही हकीकत खरी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर उभारलेला खोटेपणा लोकांच्या गळी सहज उतरतो. परदेशांत ‘रानकंदाचे नैसर्गिक प्रोजेस्टेरोन’ म्हणून मलमे व गोळ्या विकल्या जातात. परंतु डायोसजेनिनचे प्रोजेस्टेरोन होते ते रसायनशाळेतील भांड्यात, माणसाच्या पोटात नव्हे. तो पालट घडविणारी यंत्रणाच आपल्या शरीरात नाही. लोखंडाच्या खाणीतून आगगाडीचे इंजिन तयार होते हे खरे. म्हणून लोहखनिज खाऊन कोणी धावू लागत नाही. कोनफळाची भाजी आवडीने खावी. तिच्याकडून ऋतुनिवृत्तीचा इलाज मागू नये.

आता आपल्या ओळखीच्या मुळ्या एकेक करून घेऊ.

पहिली अश्वगंधा, म्हणजेच आपली आसंध. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या कुळातले हे लहानसे झुडूप. ताज्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास येतो म्हणून हे नाव. तिच्या शास्त्रीय लॅटिन नावात ‘निद्रा आणणारी’ असा अर्थ आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिच्यावर गेल्या काही दशकांत आपल्या देशात बऱ्याच परीक्षा झाल्या. त्यांचा सारांश असा की मनाचा ताण कमी होणे आणि झोप सुधारणे यांबाबत तिच्या बाजूने काही पुरावा आहे. काही परीक्षांत पुरुषांचे टेस्टोस्टेरोन किंचित वाढलेलेही आढळले. परंतु या परीक्षा बहुतेक लहान, आठ ते बारा आठवड्यांच्या. वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते ते त्या सांगत नाहीत. शिवाय या परीक्षांत वापरला तो सामान्यतः घट्ट केलेला अर्क, काहीशे मिलिग्रॅमच्या मात्रेत. आपल्या घरी दुधात उकळतात ते तीन ते सहा ग्रॅम साधे चूर्ण. अर्क वेगळा, चूर्ण वेगळे. एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर मांडता येत नाही. दोषही सांगितले पाहिजेत. काही व्यक्तींमध्ये ती घेतल्यावर यकृताला इजा होऊन कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम ती वाढवू शकते. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. डेन्मार्क देशाने तर २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. ती बंदी योग्य की अतिरेकी यावर तज्ज्ञांत वाद आहे. परंतु ‘मुळी आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य मात्र आता कोणी उच्चारू नये.

दुसरी शतावरी. बाळंतिणीला दूध यावे म्हणून शतावरी-कल्प देण्याची चाल आपल्या घरोघर आहे. एका वेलीखाली बोटाएवढ्या जाडीच्या मुळ्यांचा झुबका असतो, त्यावरून ‘शंभर मुळ्यांची’ असे नाव पडले असावे. या मुळ्यांत शतावरिन नावाची द्रव्ये आहेत. त्यांची रासायनिक घडण संप्रेरकांच्या घडणीशी दूरचे नाते सांगते. यावरूनच ऋतुनिवृत्तीनंतर ती इस्ट्रोजेनची उणीव भरून काढते, असे सांगण्यात येते. पण घडणीचे साम्य म्हणजे कामाचे साम्य नव्हे, हे आपण कंदाच्या उदाहरणात पाहिलेच. स्त्रियांवरील चांगल्या, मोठ्या परीक्षा शतावरीच्या बाबतीत फार थोड्या आहेत. परंपरेने ती शामक व पुष्टिकारक मानली आहे. तेवढ्या अपेक्षेने कोणी घेतली तर आमची तक्रार नाही. मात्र ज्या भगिनीला स्तनाचा कर्करोग झालेला आहे, तिने संप्रेरकासारखे काम करते असे सांगितली जाणारी कोणतीही मुळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसरी सफेद मुसळी. हिची हकीकत तर आपल्या दाराशीच आहे. मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० नंतरच्या दशकात या जातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिला बोरिवलीचे नाव दिले. जगभर ज्या मुळीचा कामवर्धक म्हणून डंका पिटला जातो, तिच्या लॅटिन नावात आपल्या लोकलगाडीचे एक स्टेशन आहे! पावसाळ्याच्या आरंभी डोंगराळ भागांतून बाजारात येणारी फोडशीची किंवा कुळूची भाजी ती याच मुसळीच्या वर्गातील पाने. मुसळीवर उंदरांवरील प्रयोग बरेच आहेत, माणसांवरचे फार थोडे. आणि येथे आणखी एक विचार करावयाचा आहे. पान खुडले तर झाड पुन्हा फुटते, फळ तोडले तर पुढल्या वर्षी पुन्हा येते. पण मूळ उपटले की झाडच गेले. रानातून मुळ्या उपटून आपल्या वासनेची पूर्ती करताना आपण पुढल्या पिढीचे रान उजाड करतो आहोत की काय, हेही पाहिले पाहिजे. घ्यावयाचीच असेल तर शेतात लावलेली घ्यावी.

परदेशी मुळ्यांचीही अवस्था फारशी निराळी नाही. पेरू देशात चार हजार मीटर उंचीच्या पठारावर माका नावाचा कंद पिकतो. तो आपल्या मुळा-मोहरीच्या कुळातला, आणि तेथील लोकांचे ते रोजचे अन्नच आहे. बारा आठवड्यांच्या परीक्षेत त्याने पुरुषांची इच्छा काहीशी वाढलेली आढळली, पण रक्तातील टेस्टोस्टेरोन जसेच्या तसे होते. म्हणजे ‘संप्रेरकांचे संतुलन करतो’ हा दावा त्याच्याच परीक्षेने खोडला. उत्तर अमेरिकेतील ब्लॅक कोहॉश नावाची मुळी युरोपात ऋतुनिवृत्तीच्या वाफांवर वर्षानुवर्षे दिली जात होती. ३५१ स्त्रियांवर वर्षभर केलेली परीक्षा २००६ साली प्रसिद्ध झाली, तीत ती पोकळ पुडीपेक्षा सरस ठरली नाही.

एखाद्याला वाटेल, निष्पन्न एवढेच ना की मुळ्यांचा गुण थोडा? मग ज्याला घ्यावयाच्या त्याने घ्याव्यात. चार पैसे जातील, दुसरे काय? बंधुभगिनींनो, केवळ चार पैशांचा प्रश्न असता तर आम्ही आपला संध्याकाळचा वेळ घेतला नसता. प्रश्न जिवाचा आहे. आणि तो तीन ठिकाणी आहे.

पहिले ठिकाण असे. पुरुषाच्या जननेंद्रियाला रक्त नेणाऱ्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात. हृदयाला रक्त नेणाऱ्या तीन ते चार मिलिमीटरच्या. धमन्यांत चरबीचा थर साचू लागला की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून पन्नाशीतल्या पुरुषाची ताठरता कमी होणे ही पुष्कळदा हृदयविकाराची दोन ते पाच वर्षे आधी आलेली वर्दी असते. निसर्गाने ही सूचना दिली, आणि तो गृहस्थ लाजेपोटी डॉक्टरकडे न जाता काष्ठौषधींच्या दुकानात गेला. रक्तातील साखर पाहिली नाही, रक्तदाब मोजला नाही, विडी सोडली नाही. तर त्याने सूचनेचे पत्र न उघडताच फाडून टाकले. मुळीने अपाय केला नाही. मुळीच्या भरवशावर जी वर्षे गेली त्यांनी केला.

दुसरे ठिकाण स्त्रियांचे. पाळी जाऊन पुरते वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते एक थेंब का असेना, तर ते ‘उष्णता झाली’ म्हणून शतावरीवर किंवा एखाद्या काढ्यावर सोडून देऊ नये. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघते. परंतु काही वेळा ती गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असते, आणि त्या वेळी तपासणी झाली तर रोग बहुधा बरा होतो. हे एक वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने घरी जाऊन आईला, बहिणीला, पत्नीला सांगितले, तरी आजची सभा सार्थकी लागली असे आम्ही समजू.

तिसरे ठिकाण भेसळीचे. १९९८ साली सिल्डेनाफिल हे ताठरतेवरील औषध अमेरिकेत मान्य झाले. ते गुणकारी आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने पुष्कळांना निर्धोक आहे. पण तेव्हापासून एक लबाडीही सुरू झाली. ‘शुद्ध वनस्पतींचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत व कॅप्सुलांत तेच औषध, नाव न छापता, मिसळलेले अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. घेणाऱ्याला वाटते, काय मुळी आहे! तासाभरात गुण! वास्तविक तासाभरात गुण येणे हीच संशयाची खूण आहे. आणि ज्या माणसाला छातीत दुखते म्हणून जिभेखाली ठेवण्याची नायट्रेटची गोळी दिलेली आहे, त्याने नकळत हे मिश्रण घेतले तर रक्तदाब एकाएकी कोसळून तो दगावू शकतो. शिशाचा आणि पाऱ्याचा दोष निराळाच. बॉस्टनच्या परिसरातील दुकानांत विकत मिळणारी ७० आयुर्वेदीय औषधे तपासली, त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक निघाल्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या सरकारने १९५४ सालीच कायदा करून कामशक्ती वाढविण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई केली. कायदा झाला, पण भिंती रंगवावयाच्या थांबल्या नाहीत. कारण जोपर्यंत लाज शिल्लक आहे, तोपर्यंत त्या भिंतींना वाचक आहेत.

मग करावे काय? निव्वळ नकार सांगून व्याख्यान संपविणे हे काही सभ्यपणाचे नव्हे.

ज्याला अडचण आहे त्याने प्रथम तपासणी करून घ्यावी. पुरुषाने साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी पाहावी. इच्छाच मंदावली असेल आणि थकवा असेल तर टेस्टोस्टेरोन सकाळच्या वेळी, निदान दोनदा तपासून घ्यावे. खरोखर कमी असेल तर त्यावर उपचार आहेत. आपण जी औषधे आधीपासून घेतो त्यांपैकी एखाद्याचा तर हा परिणाम नाही ना, हे डॉक्टरांना विचारावे. आणि ती आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत. स्त्रियांच्या बाबतीत, २००२ साली अमेरिकेतील सोळा हजारांवर स्त्रियांच्या परीक्षेत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या संयुक्त उपचाराने स्तनाचा कर्करोग व हृदयविकार वाढल्याचे दिसले, तेव्हापासून ‘हॉर्मोन’ शब्दाचाच धाक बसला, आणि मुळ्यांचा बाजार वाढला. पुढे त्याच माहितीची अधिक बारकाईने छाननी झाली, आणि आज मत असे आहे की साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, निरोगी स्त्रीला त्रास फार होत असेल तर हा उपचार विचारपूर्वक देता येतो. आणि नुसता कोरडेपणाच असेल तर त्यावर स्थानिक लावावयाचे मलम आहे, साधे वंगण आहे. एवढ्याशा गोष्टीवाचून कित्येक दांपत्यांनी वर्षानुवर्षे दुरावा सोसला, याचे वाईट वाटते.

आणि ज्याला मुळी घ्यावयाचीच आहे त्याने शिकलेल्या वैद्याकडून घ्यावी, कोणत्या कारणासाठी व किती दिवस ते विचारून घ्यावी, वेष्टनावर बनविणाऱ्याचे नाव व परवाना नसलेली पुडी घेऊ नये, आणि डॉक्टरपासून वैद्याचे व वैद्यापासून डॉक्टरचे औषध लपवू नये. डोळे किंवा लघवी पिवळी दिसू लागली, अंगाला खाज सुटली, तर तत्काळ थांबावे.

शेवटी चरकाकडेच परत जाऊ. रसायनाच्या अध्यायात आवळ्याचे, हिरड्याचे, कितीतरी औषधींचे कल्प सांगून झाल्यावर त्याने एक असे रसायन सांगितले आहे की ज्याला मुळी लागत नाही, खल लागत नाही. त्याला आचाररसायन म्हणतात. खरे बोलणे, राग आवरणे, मद्यापासून दूर राहणे, झोप आणि जागरण यांचा मेळ राखणे, वडीलधाऱ्यांची सेवा करणे, करुणा बाळगणे, असे वागणाऱ्याला रसायनाचे फळ मिळते, असे तो म्हणतो. वाजीकरणाच्या अध्यायातही परस्परांच्या प्रीतीला तो औषधींच्या वरचे स्थान देतो. तेथे त्याने स्त्रीला पुरुषाचे उत्तम वाजीकरण म्हटले आहे. आजच्या काळी आपण त्यात एवढीच भर घालावी की पुरुषानेही स्त्रीच्या बाबतीत तसेच ठरावे. रोज तास-अर्धा तास चालावे, विडी-तंबाखू सोडावी, साखर आटोक्यात ठेवावी, रात्रीची झोप राखावी, आणि इतकी वर्षे ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाशी मनातली अडचण मोकळेपणाने बोलावी. या पाच गोष्टींना जितका पुरावा आहे तितका जगातल्या कोणत्याही मुळीला नाही, आणि यांची भेसळ कोणालाही करता येत नाही.

उतारवय हा रोग नव्हे. तो आयुष्याचा एक भाग आहे, आणि त्यात प्रेमाला जागा असणे ही थट्टेची बाब नाही. आपण सर्वांनी हा विषय इतक्या शांतपणे ऐकून घेतलात, यावरून ती जागा आपल्या नगरात आज थोडी रुंद झाली असावी असे आम्हांस वाटते.